घरातल्या हवेचं वय

काही आठवड्यांपूर्वी ओपीडीत एक तरुणी आली. वय चोवीस. तीन आठवड्यांचा खोकला, संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरलेलं. थुंकीच्या तपासणीत क्षयरोग निघाला. सरकारी रुग्णालयात यात नवीन काही नाही. माझं लक्ष गेलं ते तिने सोबत आणलेल्या जुन्या केसपेपरकडे. तो तिच्या सासूबाईंचा होता, चार वर्षांपूर्वीचा. मधल्या काळात धाकटा दीरही आमच्याकडूनच सहा महिने औषधं घेऊन बरा झाला होता. एकाच घरातली ही तिसरी.

“घराला खिडकी आहे ना? उघडी ठेवता का?” मी नेहमीचा प्रश्न विचारला.

“खिडकी आहे मॅडम, पण समोर दुसऱ्या बिल्डिंगची भिंत. समोरच्या मावशींच्या कढईतली फोडणी आमच्या घरात येते, वारा काही येत नाही. दिवसासुद्धा ट्यूबलाइट लावावी लागते.”

घर पहिल्या मजल्यावर, दोन इमारतींमध्ये चिंचोळी गल्ली, माणसं सहा. मी सवयीने केसपेपरवर ‘घरात हवा खेळती ठेवा’ असं लिहायला घेतलं आणि हात थांबला. खेळती हवा ही काही गोळी नाही, की रुग्णाने आठवणीने घ्यावी आणि विसरली तर आम्ही रागवावं. तिच्या घरात हवा खेळणार की नाही हे ती तिथे राहायला येण्याच्या कितीतरी आधी, कुणीतरी टेबलावर नकाशा पसरून ठरवून टाकलं होतं.

आज त्या नकाशाबद्दल बोलायचं आहे. कारण इमारतीचा पाया खणण्यापूर्वीच, कागदावरच्या त्या घरात वारा कुठून शिरेल, कुठे अडेल आणि कोणत्या कोपऱ्यात साचून राहील, हे आता संगणकावर पाहता येतं.

हवेतून येणारा आजार

क्षयरोग श्वासातून पसरतो हे आज सर्वांना माहीत आहे, पण त्याचा पक्का पुरावा मिळायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात विल्यम वेल्स आणि रिचर्ड रायली यांनी १९५०च्या दशकात एक विलक्षण प्रयोग उभा केला. क्षयरोग्यांच्या एका छोट्या वॉर्डातली हवा नळावाटे वर नेऊन पिंजऱ्यातल्या गिनीपिगांना पुरवली. प्राण्यांचा आणि रुग्णांचा कसलाही थेट संबंध नव्हता, तरी गिनीपिगांना क्षयाची लागण झाली. दुसऱ्या गटाला तीच हवा अतिनील किरणांखालून नेऊन दिली होती. तो गट वाचला. म्हणजे रोगाचं वाहन होतं ती हवाच.

मग प्रश्न असा, की ही हवा खोलीत किती वेळ राहते? एखाद्या खोलीत जितकी हवा मावते तितकी ताजी हवा तासाभरात एकदाच आत येत असेल, तर खोकल्यातून उडालेल्या जंतूंपैकी ९९ टक्के बाहेर जायला साडेचार तासांहून अधिक वेळ लागतो. तासाला सहा वेळा हवा बदलत असेल तर हेच काम पाऊण तासात होतं आणि बारा वेळा बदलत असेल तर साधारण २३ मिनिटांत. औषध न देता, फक्त वाऱ्याच्या जोरावर.

हवेचे अभ्यासक यासाठी एक छान शब्द वापरतात, ‘हवेचं वय’. बाहेरची हवा खिडकीतून आत आली की तिचा जन्म झाला असं समजायचं. ती तुमच्या पलंगापाशी पोचेपर्यंत जितका वेळ गेला, तितकं तिचं तिथलं वय. एकाच खोलीत खिडकीजवळची हवा मिनिटाभराची असू शकते आणि कपाटामागच्या कोपऱ्यातली तासाभराची. म्हातारी हवा म्हणजे अनेकांच्या श्वासातून गेलेली हवा. घरातला आजारी माणूस बहुतेक वेळा आतल्या कोपऱ्यातच झोपलेला असतो, हे आम्ही डॉक्टर लोक जाणतो.

गोवंडी-मानखुर्दने दाखवलेलं

मुंबईच्या एम-पूर्व विभागात, म्हणजे गोवंडी-मानखुर्दच्या बाजूला, पुनर्वसनाच्या मोठमोठ्या वसाहती आहेत. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने आयआयटी मुंबईच्या तज्ज्ञांच्या साथीने तिथल्या तीन वसाहतींमध्ये चार हजारांहून अधिक कुटुंबांची पाहणी केली. तीनही ठिकाणी घरं लहान, माणसं साधारण सारख्याच परिस्थितीतली. फरक होता तो इमारतींच्या मांडणीत. दोन वसाहतींमध्ये इमारती एकमेकींपासून जेमतेम तीन मीटरवर उभ्या होत्या. तिसरीत मधली जागा जास्त मोकळी होती. दाटीच्या दोन वसाहतींमध्ये क्षयरोगाचं प्रमाण तिसरीपेक्षा कितीतरी जास्त आढळलं. शिवाय जिथे ऊन आणि वारा पोचत नाही अशा खालच्या मजल्यांवर ते वरच्या मजल्यांपेक्षा जास्त होतं.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. क्षयरोगाला कुपोषण, गर्दी, मधुमेह, तंबाखू, उपचारांतला उशीर अशी अनेक कारणं आहेत आणि अशा पाहणीतून ‘इमारतीमुळेच रोग झाला’ असं सिद्ध होत नाही. पण इमारतीची मांडणी आणि आजार हातात हात घालून चालताना दिसतात, हे नाकारता येत नाही. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. अशा देशात हा दुवा दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी पुनर्वसन इमारतींमधल्या अशा खोल्यांची संगणकावर प्रतिकृती करून त्यात वारा सोडून पाहिला आहे आणि खोलीतल्या ठिकठिकाणच्या हवेचं वय काढलं आहे. डोळ्यांना न दिसणारी गोष्ट त्यातून नकाशावर उमटते. प्रश्न एवढाच उरतो, की हे चित्र घर बांधून झाल्यावर पाहायचं की आधी?

संगणकात वारा कसा वाहतो?

या तंत्राला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘सीएफडी’ म्हणतात. मराठीत संगणकीय द्रायुगतिकी. नाव जड आहे, कल्पना सोपी आहे.

समजा, आपल्याला एका खोलीतल्या हवेचा हिशोब मांडायचा आहे. संगणक त्या खोलीतली जागा लाखो बारीक चौकोनी डब्यांमध्ये विभागतो. प्रत्येक डब्यासाठी तो काही साधे नियम लावतो: जितकी हवा आत आली तितकी बाहेर गेली पाहिजे, ढकललं की ती वेग घेणार, भिंतीला घासली की मंदावणार, तापली की वर चढणार. हे नियम ज्या समीकरणांत बसवले आहेत ती एकोणिसाव्या शतकात फ्रान्सचे नाविए आणि ब्रिटनमधले स्टोक्स यांनी मांडली. ती हाताने सोडवणं बहुतेक वेळा अशक्य असतं. संगणक आधी एक ढोबळ अंदाज धरतो, शेजारच्या डब्यांशी ताळा करतो, चूक निघाली की सुधारतो, पुन्हा ताळा करतो. हजारो फेऱ्यांनंतर उत्तर स्थिरावतं आणि पडद्यावर रंगीत बाण दिसू लागतात. वेगवान हवा लाल, संथ हवा निळी.

विमानाचे पंख आणि मोटारींचे आकार याच पद्धतीने तपासतात. हृदयाच्या धमन्यांतला रक्तप्रवाहही याच गणिताने अभ्यासला जातो. अरुंद धमनीपुढे रक्ताचे भोवरे कसे होतात ते दाखवणारं चित्र आणि अरुंद गल्लीपुढे वाऱ्याचे भोवरे दाखवणारं चित्र शेजारी ठेवलं, तर माझ्यासारखीला क्षणभर फरक कळणार नाही.

हाँगकाँगचा धडा

इमारती आणि साथ यांच्या संबंधात हे तंत्र गाजलं ते २००३ साली, सार्सच्या साथीत. हाँगकाँगमधल्या अमॉय गार्डन्स या उंच इमारतींच्या वसाहतीत ३००हून अधिक रहिवाशांना लागण झाली. एकमेकांना कधी न भेटलेली, वेगवेगळ्या मजल्यांवरची, वेगवेगळ्या इमारतींमधली माणसं आजारी पडत होती. पुढे संशोधकांनी संगणकावर हवेचा प्रवाह मांडला तेव्हा कोडं बरंचसं उलगडलं. न्हाणीघरांतल्या मोरीच्या कोरड्या पडलेल्या जाळ्यांमधून मैलावाहिनीतली दूषित हवा घरात शिरत होती. एक्झॉस्ट पंखे ती घरांमधल्या अरुंद उभ्या चौकात, आपल्याकडे ज्याला डक्ट म्हणतात तिथे, फेकत होते. ऊबदार दमट हवा त्या डक्टमधून धुराड्यासारखी वर चढत गेली, वरच्या घरांच्या खिडक्यांतून आत शिरली आणि पुढे वाऱ्याने शेजारच्या इमारतींकडे वळली. २००४ साली हा अभ्यास ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला.

हे झालं शवविच्छेदनासारखं. कारण कळलं, पण माणसं गेल्यानंतर. हाँगकाँगने मात्र त्यातून पुढचं पाऊल उचललं. २००६पासून तिथे मोठ्या सरकारी प्रकल्पांसाठी वाऱ्याचं मूल्यमापन करण्याची पद्धत सुरू झाली. प्रकल्प कागदावर असतानाच संगणकावर किंवा पवन-बोगद्यात ठेवलेल्या छोट्या प्रतिकृतीवर पाहायचं, की या इमारती उभ्या राहिल्यावर भोवतालच्या रस्त्यांवर वारा वाहील की भिंत उभी केल्यासारखा अडेल. अडत असेल तर इमारतींची रांग तोडायची, मधून वाऱ्याला वाट ठेवायची.

आमच्या भाषेत सांगायचं तर रोगनिदानाची चाचणी त्यांनी लसीच्या जागी आणून ठेवली.

पेन्सिल हातात असतानाच

हे काम सुरुवातीलाच का करायचं? कारण आराखड्याच्या पहिल्या काही आठवड्यांत जे ठरतं, ते नंतर बदलत नाही. इमारतीचं तोंड कोणत्या दिशेला, दोन इमारतींत अंतर किती, पॅसेजच्या दोन्ही बाजूंना घरं की एकाच बाजूला, जिना आणि लिफ्ट कुठे, डक्ट किती रुंद. या गोष्टी ठरल्या की हवेचं नशीब ठरलं. नंतर उरतात पंखे, एसी आणि खिडकीचा रंग.

पॅसेजच्या दोन्ही बाजूंना घरं असली की प्रत्येक घराला एकाच बाजूने खिडक्या मिळतात. अशी एकाच बाजूची खिडकी खोलीच्या उंचीच्या साधारण दोन ते अडीच पट खोलीपर्यंतच हवा नीट पोचवू शकते. त्यापलीकडे हवेचं वय वाढत जातं. घराला समोरासमोर किंवा निदान दोन वेगळ्या बाजूंना खिडक्या असतील, तर वाऱ्याचा दाब एका बाजूने ढकलतो, दुसऱ्या बाजूने ओढतो आणि हवा आरपार जाते.

आपल्या नियमांत खिडकीचं माप सांगितलेलं आहे. राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार उष्ण-दमट हवामानात ती खोलीच्या क्षेत्रफळाच्या एक षष्ठांश असावी. पण तीन मीटरवरच्या भिंतीकडे पाहणारी खिडकीसुद्धा या मापात चोख बसते. माप खिडकीचं होतं, वाऱ्याचं होत नाही. संगणकावरचं प्रारूप ही उणीव भरून काढू शकतं, कारण ते खिडकीसोबत समोरची भिंतही मोजतं.

सुरुवातीच्या टप्प्यावर अगदी काटेकोर आकडा लागतही नाही. तीन पर्याय शेजारी ठेवायचे आणि पाहायचं, की कोणत्या पर्यायात साचलेल्या हवेचे निळे डाग कमी आहेत. असा ढोबळ हिशोब आता साध्या संगणकावरही काही तासांत होतो.

आमच्या रुग्णालयात नव्या ओपीडी इमारतीचा आराखडा आला तेव्हा मला हे जवळून पाहायला मिळालं. रुग्णालय समुद्रापासून फार लांब नाही. पहिल्या नकाशात छातीच्या विकारांची ओपीडी पश्चिम टोकाला होती. तरुण वास्तुरचनाकार मुलीने लॅपटॉपवर वारा सोडून दाखवला. समुद्राकडून येणारा वारा खोकणाऱ्या रुग्णांच्या रांगेवरून थेट गरोदर बायकांच्या बाकांकडे जात होता. खोलीत शांतता पसरली. तिने उपाय सुचवला: छातीची ओपीडी पूर्व टोकाला न्यायची. सगळ्यांनी माना डोलावल्या.

मी विचारलं, “हा वारा किती वाजताचा?”

तो वर्षभराच्या सरासरीचा होता. आमची गर्दी मात्र सकाळी नऊ ते बाराची. त्या वेळी समुद्रवारा नीट सुरू झालेला नसतो, आणि थंडीत तर सकाळी वारा उलट जमिनीकडून, पूर्वेकडून येतो. तिने दोन दिवसांनी हिवाळ्यातल्या सकाळचा वारा घालून पुन्हा हिशोब केला. आधीचं शहाणपणाचं उत्तर आता चुकीचं ठरलं होतं. शेवटी छातीची ओपीडी मुख्य इमारतीपासून सुटी करून, मध्ये मोकळं अंगण ठेवून, बसायची जागा तिन्ही बाजूंनी उघड्या व्हरांड्यात घ्यायची असं ठरलं. यात माझं कौतुक नाही. वारा तिला कळत होता, रांग मला कळत होती. दोघी एका टेबलाशी बसलो, तेही नकाशा खोडता येत होता तेव्हा, म्हणून हे जमलं. इमारत अजून उभी राहायची आहे. अंगणाची जागा पुढच्या कुठल्या बैठकीत पार्किंगला जाऊ नये, एवढीच काळजी आहे.

जुन्या वॉर्डांचं शहाणपण

यात जुन्या बांधकामांकडूनही शिकण्यासारखं आहे. पेरूची राजधानी लिमा इथल्या आठ रुग्णालयांमधला अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. १९५०पूर्वीच्या उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या वॉर्डांत खिडक्या-दारं उघडल्यावर हवा तासाला सुमारे ४० वेळा बदलत होती, नंतरच्या आधुनिक वॉर्डांत १७ वेळा, तर यंत्राने हवा पुरवणाऱ्या खोल्यांमध्ये १२ वेळा. संशोधकांनी गणित मांडलं, की उपचार न घेतलेल्या क्षयरुग्णांसोबत २४ तास काढले, तर जुन्या वॉर्डात ११ टक्के माणसांना लागण होईल, आधुनिक वॉर्डात ३३ टक्के आणि यंत्राच्या खोल्यांत ३९ टक्के.

व्हेंटिलेटर म्हटलं की आज आपल्याला अतिदक्षता विभागातलं यंत्र आठवतं. आमच्या लहानपणी व्हेंटिलेटर म्हणजे दाराच्या वरचा, दोरीने उघडायचा झरोका. तो पहिला व्हेंटिलेटर नीट असता, तर दुसऱ्याची गरज काही जणांना तरी लागली नसती.

मुंबईला हा धडा एकदा मिळालेलाही आहे. १८९६च्या प्लेगनंतर, १८९८ साली, शहरात सुधारणा न्यास स्थापन झाला आणि चाळींच्या खोल्यांत उजेड-वारा पोचावा म्हणून समोरच्या इमारतीची उंची आणि मधलं अंतर यांचा कोन ठरवणारा साडेत्रेसष्ट अंशांचा नियम आला. तेव्हा हाताशी संगणक नव्हता, फक्त कोनमापक होता. पण नियम बनवणाऱ्यांना समोरची भिंत दिसत होती.

रंगीत चित्रांना भुलू नये

सावधगिरीचे दोन शब्दही सांगायला हवेत. संगणक खोटं बोलत नाही, पण दिलेल्या माहितीवरच बोलतो. विमानतळावरच्या मोकळ्या मैदानातला वारा जसाच्या तसा दाट वस्तीत धरला, किंवा शेजारच्या इमारती चित्रातून वगळल्या, तर कुठलंही घर हवेशीर दिसेल. प्रारूपात खिडक्या उघड्या असतात. खऱ्या घरात डास, धूळ, नाल्याचा वास आणि समोरच्यांच्या नजरा यांमुळे त्या बंद असतात आणि ग्रिलमध्ये कपडे वाळत असतात. बाहेरची हवाच धुराची असेल तर ती आत घेण्याचेही तोटे आहेत. म्हणून संगणकाचं उत्तर पवन-बोगद्यातल्या चाचणीशी किंवा इमारत उभी राहिल्यावर कार्बन डायऑक्साइडच्या मापनाशी ताडून पाहावं लागतं. आणि तिथे राहणाऱ्या बायका खिडकी कधी उघडतात, कधी लावून घेतात हे त्यांनाच विचारावं लागतं. या तंत्राने क्षयरोग हटणार नाही. लवकर निदान, पूर्ण औषधोपचार आणि पोटभर आहार यांची जागा ते घेऊ शकत नाही. पण औषधांनी बरा झालेला माणूस पुन्हा त्याच साचलेल्या हवेत जाऊ नये, यासाठी ते कामी येतं.

आपण काय विचारू शकतो?

मुंबई-पुण्यात आज शेकडो सोसायट्या पुनर्विकासाच्या वाटेवर आहेत. बैठकीत चर्चा होते ती वाढीव चौरस फुटांची, भाड्याची आणि पार्किंगची. या यादीत तीन प्रश्न घालावेत अशी माझी विनंती आहे. प्रत्येक घराला दोन वेगळ्या बाजूंना खिडक्या आहेत का? शेजारची इमारत धरून वाऱ्याचं प्रारूप केलं आहे का, आणि ते सर्वात खालच्या मजल्यावरच्या, सर्वात आतल्या घराचं दाखवता का? न्हाणीघरांच्या खिडक्या ज्या डक्टमध्ये उघडतात तो किती रुंद आहे आणि त्यात आणखी कुणाची खिडकी उघडते? गच्चीजवळच्या नमुना घराचं चित्र सुंदरच असणार. आपण तळाचं मागायचं.

सोसायटीला निदान प्रश्न विचारता येतात. पुनर्वसनाच्या घराची किल्ली ज्यांच्या हातात ठेवली जाते त्यांना तेवढीही संधी नसते. त्यांच्या वतीने हा प्रश्न मंजुरी देणाऱ्या यंत्रणेने विचारायला हवा, आणि आम्हा डॉक्टरांनीही.

त्या तरुणीची औषधं सुरू झाली आहेत. ताप उतरला, भूक लागते आहे, सहा महिन्यांनी ती बरी होईल अशी खात्री वाटते. गेल्या वेळी ती मुलाला घेऊन आली होती, चार वर्षांच्या. त्याची तपासणी केली, आजार नाही, प्रतिबंधक औषध सुरू केलं. जाताना तिने विचारलं, “मॅडम, याला काही होणार नाही ना?” मी म्हणाले, “औषध चुकवू नकोस.” ते तिच्या हातात होतं म्हणून एवढंच म्हणाले. खिडकीबद्दल मात्र या वेळी काही विचारलं नाही.